सांडव्यावरची खूण

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या तोंडाशी मातीचा एक बांध आहे. सरकारी दप्तरात तो पाझर तलाव आहे. नवी पोरं त्याला धरण म्हणतात आणि पावसाळ्यात तिथं जाऊन मोबाईलवर फोटो काढतात. साठीच्या पुढची आम्ही माणसं त्याला ‘बहात्तरचा बांध’ म्हणतो. माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तर माझी चारशे पावलं भरतात. उद्घाटनाचा दगड नाही, कुणाचं नाव नाही.

मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी आहे. इतिहास लिहिणं हे माझं काम नव्हे, हे मला कळतं. पण या बांधावर माझा आजा, दादा आणि माय या तिघांनी माती टाकली, आणि मी बारा वर्षांचा असताना त्याच्यावर मापाची पट्टी धरून उभा राहिलो. पुढं याच बांधाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. ती माहीत असणारी माणसं आता कमी होत चालली, म्हणून लिहितो.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराखाली. इथलं पाणी ओढ्यानं जातं आणि खाली मांजरा नदीला मिळतं. ओढा वर्षातले नऊ-दहा महिने कोरडा. पोरं त्यात विटीदांडू खेळायची, बाया वाळूत झिरे करून पाणी भरायच्या. पण डोंगरावर तासभर जोराचा पाऊस झाला की तोच ओढा ओळखू येत नसे. डोंगर उघडाबोडका, पाणी धरायला झाड नाही की गवत नाही. सगळं पाणी एकदमच खाली. गावात पावसाचा थेंब नसताना पूर यायचा. आधी आवाज यायचा, गाडी खडकावरून जावी तसा. मग पाण्याच्या पुढं काट्याकुट्यांचा ढीग लोटत यायचा.

आजा सांगायचा, रझाकाराच्या आदल्या साली असाच पूर रात्री आला आणि मारुतीच्या तिसऱ्या पायरीला लागला. मारुतीचं देऊळ उंचावर आहे, त्याच्या खाली ओढ्याच्या काठाला बौद्धवाडा. तेव्हा अर्थात नाव वेगळं होतं, ते मी लिहीत नाही. देवळाच्या तिसऱ्या पायरीला पाणी म्हणजे खालच्या घरांचं काय झालं असेल, हे सांगायला नको. आज्यानं त्या पायरीला चिन्याची रेघ ओढून ठेवली होती. दर दिवाळीला देवळाला चुना देताना ती रेघ पुसायची आणि आजा ती परत ओढायचा. आम्हाला हसू यायचं.

१९७२ साली हसायचं कुणाला सुचत नव्हतं. त्याच्या आधीची दोन सालंही अशीतशीच गेली होती, त्या साली तर पाऊस आलाच नाही. जनावरं दावणीला बसली ती उठली नाहीत. रेशनवर अमेरिकेतला मिलो यायचा, तांबडी ज्वारी. तिची भाकरी तव्यावर मोडायची. सरकारनं जागोजाग कामं काढली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम द्यायची कल्पना आधी आपल्या सांगली जिल्ह्यात करून पाहिली होती. ती रोजगार हमी त्या दुष्काळात सगळ्या महाराष्ट्राची झाली. तिचा कायदा १९७७ ला झाला आणि १९७९ पासून लागू झाला. म्हणजे लोकांनी आधी माती उचलली आणि कायदा मागून आला.

आमच्याकडं पहिल्यांदा खडी फोडायचं काम निघालं. माणसं दिवसभर दगड फोडायची, ढीग लागायचे. ती खडी कोणत्या रस्त्याला जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं. आज्याला ते बघवेना. एक दिवस ओव्हरसियर साहेब पाहणीला आले तेव्हा आजा त्यांना हाताला धरून डोंगराच्या तोंडाशी घेऊन गेला.

“सायब, दगुड फोडून काय व्हायचंय? हितं आडवा बांध घाला. पूर आडवा.”

बरोबरची माणसं हसली. डोळ्यात घालायला पाणी नाही आणि म्हाताऱ्याला पुराचं पडलंय! पण साहेब हसले नाहीत. त्यांनी देवळाची पायरी बघितली, रेघ बघितली, दुर्बीण लावली. ते १९६१ च्या जुलैत पुण्यात होते. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या लोंढ्यानं खडकवासल्याचंही फुटलं आणि भर दुपारी पुण्याच्या पेठांत पाणी शिरलं, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. पानशेतही मातीचंच धरण, काम पुरं व्हायच्या आत पाणी भरलं होतं. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचरचून ते धरून ठेवलं, म्हणून लोकांना थोडा वेळ तरी मिळाला. ही गोष्ट साहेब कामावर कितीदा सांगायचे, त्याला गणती नाही. दोन महिन्यांनी कागद मंजूर होऊन आला. कागदावर पाझर तलावच लिहिलं होतं, कारण दुष्काळी कामात तेच बसत होतं. आजा म्हणाला, “नाव काय का आसंना.”

मातीचा बांध म्हणजे मातीचा ढीग नव्हे, हे मला तिथं कळलं. आधी ओढ्यात आडवा चर खणला, पार खडकाला टेकेपर्यंत. त्यात चिकण काळी माती भरली. तीच काळी माती बांधाच्या मधोमध भिंतीसारखी वर नेत गेले. पाणी ती अडवते. तिच्या दोन्ही अंगांना मुरूम, तो वजन देतो आणि झिरपलेल्या पाण्याला वाट देतो. नुसत्या काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो, नुसत्या मुरमाचा पाणी धरत नाही. माती टाकायची ती वीतभर जाडीचा थर करून. ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं, धुम्मसानं चोपायचं, वर दगडी रूळ फिरवायचा. रूळ ओढायला बैल राहिले नव्हते, माणसं ओढायची.

या पाणी शिंपडण्यावरून एक दिवस काम बंद पडलं. प्यायचं पाणी दोन कोसांवरून यायचं, आणि हे म्हणतात मातीला पाणी घाला. माझी मायच सगळ्यांत पुढं होती. “मानसाला प्यायला न्हाई अन् मातीला पाजायलेत!” असं ती मुकादमाच्या तोंडावर म्हणाली. बायांनी पाट्या पालथ्या घातल्या. साहेब आले. त्यांनी एक कोरडं ढेकूळ घेतलं, बादलीत टाकलं. त्याचा भुगा झाला. मग ओली करून चोपलेली माती टाकली. ती तशीच राहिली. “आज वाचवलेली एक घागर पाऊस आल्यावर अख्खा बांध नेईल,” एवढंच बोलले. ओढ्याच्या वाळूत खोल झिरा खणून त्याचं खारट पाणी बांधाला वापरायचं ठरलं. तो झिरा खणायला माय पहिली उतरली. घरी येऊन मात्र रात्रभर साहेबाला शिव्या देत होती.

माझं काम माणसांना पाणी द्यायचं. दुपारी सुकडी मिळायची, ती खाऊन लोक रांजणाकडं यायचे. रांजण दोन होते. एकावर मी असायचो, दुसऱ्यावर बौद्धवाड्यातला माझ्याच वर्गातला एक पोरगा. बांध एक, चर एक, हजेरीपट एक, रांजण दोन. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे खरं ते लिहितो. आम्ही दोघं मात्र मुकादमाची पाठ वळली की एकमेकांच्या रांजणातलं पाणी पिऊन बघायचो. एकाच टँकरचं होतं.

बांध चढत गेला तसं सांडव्याचं काम सुरू झालं. सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी जायची वाट. ती बांधावरून काढत नाहीत, बाजूला पक्क्या खडकातून काढतात. आमचा सांडवा उजव्या अंगाला आहे. त्यातून निघालेलं पाणी वळसा घेऊन गावाच्या वरच परत ओढ्याला मिळतं. सांडव्याची उंची ठरवायची होती त्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघा पोरांना पट्टी धरायला घेतलं, एकाला बांधाच्या टोकावर, एकाला सांडव्याच्या खडकावर. दुर्बिणीतून बघून ते हात वर-खाली करायचे, आम्ही पट्टी सरकवायचो. शेवटी पाथरवटाकडून खडकावर छिन्नीनं फुलीची खूण करून घेतली. सांडव्याचा तळ या खुणेच्या वर जाता कामा नये.

गावातल्या एका शहाण्यानं विचारलं, “सायब, बांध येवढा उच्च केला अन् पानी खालूनच सोडून देता? वरचं समदं मोकळंच ऱ्हायलं की.”

साहेब म्हणाले, “ते मोकळं नाही. ती पुराची जागा आहे.”

पन्नास वर्षांनी मला वाटतं, सगळा बांध या एका वाक्यावर उभा आहे. डोंगरावरून तासाभरात लोटणारं पाणी या मोकळ्या जागेत चढतं, थांबतं आणि सांडव्यातून सहा-सात तास हळूहळू उतरत राहतं. पाणी तेवढंच जातं, पण मारुतीच्या पायरीला लागत नाही. आणि माती वरून पाणी सोसत नाही. शेताच्या बांधावरून एकदा पाणी पलटलं की पहिल्यांदा पलीकडच्या अंगाला चर पडतो, तो चर मागं सरकतो आणि बघता बघता बांध जातो, हे कोणत्या शेतकऱ्याला माहीत नाही? मोठ्या बांधाचंही तसंच.

१९७३ ला पाऊस चांगला झाला. पहिला लोंढा आला तेव्हा अख्खं गाव टेकाडावर. तांबडं पाणी बांधाला लागलं, फेस आला, काटेकुटे गोल गोल फिरायला लागले. गावाच्या ओढ्यात मात्र त्या दिवशी गुडघाभर पाणी, तेही दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाहत राहिलं. आजा पायरीवर बसून होता. त्या दिवाळीला त्यानं रेघ ओढली नाही.

पुढची वीस-पंचवीस वर्षं सुखाची. पाणी मुरून खालच्या विहिरींना उतरायचं, मे महिन्यात तलाव कोरडा पडायचा आणि पुढच्या पुराला जागा तयार असायची. साठवण आणि पूर या दोन सवतींचं या तलावात जमून गेलं होतं. मग तळाला गाळ बसला, मुरणं कमी झालं. बांधावर वेडी बाभूळ माजली. तिची मुळं आत जातात आणि झाड मेलं की मुळाच्या जागी पोकळ नळी राहते. घुशी आणि खेकडे आपापली घरं करतात. आम्ही अर्ज दिले, त्यांच्या पोचपावत्या माझ्या पेटीत आहेत. बाकी काही झालं नाही. आम्ही स्वतः कुऱ्हाड घेऊन गेलो का? तर नाही. ज्यांच्या आईबापांनी माती वाहिली तीच माणसं म्हणायला लागली, सरकारचा बांध आहे, सरकार बघेल.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माझी दोनशे मोसंबी त्या साली वाळली. पंधरा वर्षं पोरासारखी वाढवलेली झाडं मी सरपणाला विकली. ज्याचं असं झालंय त्यालाच कळेल, पाण्याची वासना काय असते. त्या साली पाऊस बरा झाला, तलाव भरला, आणि सांडव्यातून पाणी वाहताना बघून माझ्या पोटात कालवायला लागलं. वाटायचं, माझीच झाडं वाहून जायलीत.

२०१७ ला सरकारची गाळ काढायची योजना आली. आम्ही मोटारवाल्या शेतकऱ्यांनी वर्गणी करून गाळ काढला, तिथवर चांगलंच झालं. मग मारुतीच्या देवळात बसून आणखी एक ठरवलं. सांडव्याच्या तोंडाशी सिमेंट मिसळलेल्या मुरमाची पोती रचून दोन-अडीच फुटांची भिंत घालायची. तेवढं पाणी जास्त. वर्गणीची वही माझ्याकडं होती. विरोध करायला हवा होता तो मी. पट्टी मी धरली होती, ते वाक्य मी कानांनी ऐकलं होतं. पण मी वहीत नावं लिहीत होतो.

माझा तो रांजणावरचा मित्र पुण्यात गवंडीकाम करून गावी परत आला होता. भिंतीचं काम त्यालाच द्यावं म्हणून मी त्याच्या घरी गेलो. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, “मी न्हाई बांधनार. अन् तूबी बांधू नकूस. खूण इसरलास का?”

मी म्हणालो, “आरं, आता कुठं येतोय तसला पूर.”

“तुमच्याकडं येत न्हाई. आमच्याकडं येतो.”

मी उठून आलो. भिंत दुसऱ्याकडून बांधून घेतली. खूण पोत्यांखाली गेली.

२ जुलै २०१९ च्या रात्री कोकणात चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं. वीसेक माणसं गेली. खेकड्यांनी धरण फोडलं असं तेव्हा बोललं गेलं आणि लोकांनी त्याची टिंगल केली. मी हसलो नाही. खेकडे भोकं पाडतात, खोटं नाही. पण खेकडा एका रात्रीत बांध फोडत नाही. आधी पाणी पाझरतं, दिसतं, आणि माणसं बघून न बघितल्यासारखं करतात. ती बातमी वाचून मी बांधावर जाऊन आलो. भिंत बघितली. तलाव तुडुंब होता, माझी नवी झाडं फळावर आली होती. घरी येऊन जेवलो.

२०२१ च्या सप्टेंबरच्या शेवटी गुलाब नावाचं चक्रीवादळ पूर्वेकडून आत आलं. आधीच महिनाभर पाऊस, जमीन पाणी प्यायला तयार नाही, तलाव भिंतीपर्यंत भरलेला. २७ तारखेच्या रात्री आभाळ फाटलं. खाली मांजरा धरणाचे अठराच्या अठरा दरवाजे उघडावे लागले, ते आम्हाला नंतर कळलं. रात्री बाराला आम्ही पाच-सहा जण बॅटऱ्या घेऊन बांधावर गेलो. पाणी माथ्याला हातभर कमी. सांडव्यातून वाहत होतं, पण भिंतीमुळं वाट तोकडी पडली होती. मी माथ्यावर काठी रोवून बघितली. अर्ध्या तासात चार बोटं पाणी चढलं.

जेसीबीवाल्याला फोन लावला. चिखलातून मशीन येणार नाही म्हणाला. मग मित्राला फोन केला. पहिल्याच घंटीला त्यानं उचलला, जागाच होता. मी म्हणालो, “समद्यांना शाळेत ने. भिंत फोडावी लागतीय.” तो पलीकडून काहीच बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, “अर्धा तास दे.” मग तोच विसाव्या मिनिटाला पहार घेऊन सांडव्यावर हजर झाला. वस्ती त्याच्या सुनेनं आणि पोरांनी हलवली.

कमरेला दोर बांधून, कडेच्या बाभळीला त्याचं टोक बांधून आम्ही कडेनं एकेक पोतं उचकटत गेलो. पोती दगड झालेली. पहार कुठं घालायची ते गवंडी होता म्हणून त्यालाच कळत होतं. दीड-दोन तासांनी भिंतीचा तुकडा एकदम गेला आणि पाण्याचा आवाज बदलला. पहाटे काठी बघितली तेव्हा पाणी वीतभर उतरलं होतं. बांध राहिला.

पण जे पाणी सहा तासांत गेलं असतं ते आम्ही एकदम सोडलं. बौद्धवाड्यात मांडीएवढं पाणी शिरलं. माणूस गेलं नाही. सात घरांतलं धान्य भिजलं, दोन शेळ्या बुडाल्या, एका घराची मागची भिंत पडली. ते घर माझ्या मित्राचं होतं. भिंत फोडायला आला तेव्हा हे असं होणार हे त्याला माहीत होतं.

पंचनामा झाला, अतिवृष्टी म्हणून नोंद झाली. ते खरंच होतं, पण अर्धंच. आठ दिवसांनी मी वर्गणीची वही घेऊन त्याच देवळात सगळ्यांपुढं बसलो आणि भिंतीच्या खर्चाचं पान वाचून दाखवलं. ज्यांनी भिंतीला पैसे दिले त्यांनी तेवढेच पैसे घरांना द्यावेत, असं म्हणालो. निम्म्यांनी दिले. निम्मे म्हणाले, पाऊस काय आम्ही पाडला? माझ्याशी बोलणं सोडलेली दोन घरं अजून आहेत. मित्राच्या घराची भिंत त्यानं स्वतः बांधली. मी विटा देतो म्हणालो, घेतल्या नाहीत. हाताखाली काम करायला मात्र येऊ दिलं. चार दिवस मी गारा कालवला.

उरलेली भिंत आम्ही त्या उन्हाळ्यात काढून टाकली. आता दर मे महिन्यात सांडव्यातली आणि बांधावरची वेडी बाभूळ तोडायला जातो. कधी दहा जण येतात, कधी तिघंच. यंदा आम्ही दोघंच होतो. खुणेत माती आणि सिमेंट घट्ट बसलं होतं. त्यानं खिळा घेऊन ती फुली कोरून मोकळी केली. मग सावलीला बसलो. पाण्याची बाटली एकच होती. तो प्याला, मी प्यालो. बुंधे अजून निम्मे राहिले होते, ऊन चढायच्या आत उठलो.